उडदामाजी काळे-गोरे

२०२५ च्या मे महिन्यात पुस्तकांचे कपाट आवरताना ॲरिस्टोफेनिसच्या 'नाइट्स' या नाटकाच्या माझ्या जुन्या प्रतीतून घडी घातलेला एक कागद खाली पडला. उघडून पाहिला, तर ती २००९ च्या विधानसभा निवडणुकीतली माझी टपाली मतपत्रिका निघाली. कोरी. सोबतचे घोषणापत्रही तसेच, सही न केलेले. निवडणुकीच्या कामावर नेमलेल्या कर्मचाऱ्याला मतदानाच्या दिवशी स्वतःच्या केंद्रावर जाता येत नाही, म्हणून ही सोय असते. त्याने पसंतीची खूण करायची, घोषणापत्र साक्षांकित करून घ्यायचे, पाकिटात पाकीट घालायचे आणि मतमोजणी सुरू होण्यापूर्वी पोचेल अशा बेताने ते रवाना करायचे, अशी तेव्हाची पद्धत होती. मी यातले काहीच केले नव्हते. मी तिचा उपयोग पुस्तकातली खूण म्हणून केला होता आणि तेव्हा तो मला मोठा मार्मिक विनोद वाटला होता.

तो विनोद पुढे कसा शिळा होत गेला, त्याची ही हकिगत.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात साहित्य शिकवतो. २००९ साली आमच्या मतदारसंघात नावे पुष्कळ होती, पण खरे उमेदवार दोनच. पहिले बरीच वर्षे आमदार होते आणि त्या वर्षांत त्यांनी मतदारसंघासाठी नेमके काय केले, हे त्यांच्या प्रचारपत्रकालाही धडपणे सांगता येत नव्हते. दुसरे त्यांचाच एकेकाळचा उजवा हात. तिकीट नाकारले गेल्यामुळे एका रात्रीत त्यांना लोकशाहीच्या अधःपतनाची तीव्र जाणीव झाली होती. आमच्या स्टाफरूममध्ये या प्रश्नावर दोन गट होते. 'दगडापेक्षा वीट मऊ' असे मानणाऱ्यांचा पहिला गट. मात्र दगड कोणता आणि वीट कोणती, यावर त्या गटातच एकमत नव्हते. दुसऱ्या गटात मी आणि माझ्यासारखे दोघे-तिघे. आम्ही एकच म्हण म्हणत असू : उडदामाजी काळे-गोरे, काय निवडावे निवडणारे! ती म्हटली की चर्चा संपत असे. म्हणींचा हा एक मोठाच उपयोग आहे.

त्याच सत्रात मी एम.ए.च्या वर्गाला सुखात्मिका शिकवत होतो. 'नाइट्स' अभ्यासक्रमात नव्हते, पण निवडणुकीचा हंगाम पाहून मी ते मध्येच आणले. नाटक इ.स.पू. ४२४ मधले. अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध सुरू आहे आणि अथेन्सच्या सभेत क्लीऑनचा शब्द चालतो आहे. कातडी कमावण्याचा धंदा असलेल्या घरातला, दणदणीत आवाजाचा हा पुढारी. आधीच्या एका नाटकावरून त्याने ॲरिस्टोफेनिसला अडचणीत आणले होते. त्याची परतफेड म्हणजे 'नाइट्स'. या नाटकात अथेन्सची जनता हीच एक पात्र आहे. तिचे नाव डेमॉस : घराचा म्हातारा मालक, तिरसट, कानाने अधू, स्तुतीला भुलणारा. त्याच्या घरात नवा आलेला पॅफ्लगोनियन गुलाम म्हणजे क्लीऑन. तो मालकाला लाडीगोडीने गुंडाळतो आणि बाकीच्या गुलामांना चोपून काढतो. दुसऱ्याने कष्टाने मळलेली पोळी तो पळवतो आणि आपल्या हाताची म्हणून मालकापुढे ठेवतो. पायलॉसच्या विजयाचे श्रेय क्लीऑनने कसे लाटले, याचा हा चिमटा प्रेक्षकांना लगेच कळला असणार. ती मोहीम आदल्याच वर्षीची होती.

जुने गुलाम त्रासून एक भविष्यवाणी चोरतात. तिच्यात लिहिलेले असते की या कातडीवाल्याला हटवणारा माणूस त्याच्याहूनही हलका असेल : बाजारात सॉसेज विकणारा. असा एक विक्रेता समोरून येतोच. तो बिचारा प्रामाणिकपणे सांगतो की मी चांगल्या घरातला नाही, शिक्षण म्हणाल तर अक्षरओळख, तीही कशीबशी. त्याला उत्तर मिळते की पुढारी व्हायला तीच तर पात्रता लागते. ती अक्षरओळख तेवढी नसती तर बरे झाले असते. पुढे या दोघांची जुंपते. कोण मोठ्याने ओरडतो, कोण जास्त बिनदिक्कत खोटे बोलतो, कोण डेमॉसला बसायला उशी देतो, कोण पायांत जोडे घालतो. अखेर सॉसेजवाला जिंकतो, कारण पॅफ्लगोनियन ज्या ज्या बाबतीत वाईट आहे, त्या प्रत्येक बाबतीत तो त्याच्या वरचढ ठरतो.

वर्गात मी हे रंगवून सांगितले. आमच्या दोन उमेदवारांची नावे घेतली नाहीत, पण आवाज काढले. मुले खूप हसली. 'अडीच हजार वर्षांत काही बदललेले नाही' असा समारोप करून मी तास संपवला आणि टपाली मतपत्रिका नाटकाच्या पानांत ठेवून दिली. एका तासात साहित्य, समाज आणि मी स्वतः अशा तिघांनाही न्याय दिल्याचे समाधान त्या दिवशी मला होते.

ज्या नाटकाचा मी असा आधार घेतला होता, त्याच्या प्रयोगानंतर काय झाले, हे मी वर्गात तळटीपेसारखे सांगून टाकले होते. वास्तविक ती तळटीप नाही. लेनाइया उत्सवात 'नाइट्स'ला पहिले पारितोषिक मिळाले. अथेन्सच्या नागरिकांनी क्लीऑनची यथेच्छ टवाळी ऐकली, त्याच्या पराभवावर टाळ्या दिल्या, आणि काही आठवड्यांनी त्याच नागरिकांनी क्लीऑनला सेनापती म्हणून निवडून दिले. नाटककाराच्या जिव्हारी हे लागले असावे. पुढच्या वर्षीच्या 'क्लाउड्स'मध्ये तो या निवडीवरून प्रेक्षकांना टोमणा मारतो. व्यंग्याची ताकद सांगताना आपण शिक्षक मंडळी 'सत्तेला हादरे' वगैरे शब्द वापरतो. हादरा बसला तो नाटकघरात, आणि तो हसण्याचा होता. लोक मोकळे होऊन घरी गेले.

मीही मोकळा झालो होतो. वर्गात हसून झाल्यावर मतपत्रिका भरण्याचे कारणच उरले नव्हते.

१३ ऑक्टोबर २००९ रोजी, मतदानाच्या दिवशी, मी शेजारच्या मतदारसंघातल्या एका खेड्यात केंद्राध्यक्ष होतो. आदल्या दिवशी तहसीलमध्ये साहित्य ताब्यात घेतले, एस.टी.ने गावात पोचलो, जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंजीवर झोपलो. पहाटे उठून पक्षांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतले आणि यंत्राला मोहर लावली. स्वतःचे मत पुस्तकात दडपून आलेला मी दिवसभर इतरांना मत देण्याचा मार्ग दाखवत होतो. यातला विसंगतीचा भाग मला तेव्हा जाणवला नाही, कारण कामच तेवढे असते.

अकराच्या सुमाराला एक वयस्कर गृहस्थ आले. पांढरे धोतर, टोपी, हातात काठी. खोलीतले सगळे जण थोडे सावरून बसले, त्यावरून ते गावातले जुने शिक्षक आहेत हे कळले. यादीतले नाव पुकारले गेले, बोटाला शाई लागली, नोंदवहीत सही झाली. मतदानाची चिठ्ठी हातात घेऊन ते यंत्राकडे जाण्याऐवजी माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, मला मत द्यायचं नाही."

"गुरुजी, मग आलात कशापायी?" एका पक्षाचा प्रतिनिधी बाकावरून म्हणाला.

"द्यायचं नाही, हे सांगायला आलोय. ते लिहून घेतात. नियम आहे, एकोणपन्नास-ओ."

नियम होता. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला. प्रशिक्षणात तो एका वाक्यात उरकलेला असल्यामुळे मला हस्तपुस्तिका उघडावी लागली. मतदाराने नोंदवहीत सही केल्यानंतर मत न देण्याचे ठरवले, तर केंद्राध्यक्षाने त्याच्या नोंदीसमोर तसा शेरा लिहायचा आणि शेऱ्यापुढे मतदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा. हे सगळे उघड्यावर, सर्व प्रतिनिधींच्या देखत. मी शेरा लिहिला. गुरुजींनी चष्मा पुसून तो वाचला, माझी एक वेलांटी चुकली होती ती दाखवली, आणि मग सही केली.

त्यांच्या मागे रांग खोळंबली होती. तरीही मी विचारले, "गुरुजी, दोघांपैकी कुणीच नको?"

"दोघेही माझ्याच हाताखाली शिकले, साहेब. दोघांनाही मी वर ढकललं होतं."

संध्याकाळी हिशोब करताना यंत्रातली मते नोंदवहीपेक्षा एकाने कमी भरली. नियम ४९-ओ खाली मत न देणाऱ्यांची संख्या लिहिण्यासाठी नमुन्यात एक ओळ असते. तिच्यात मी '१' लिहिले. तोवर गावभर बातमी झाली होती. गुरुजींना त्याचा काय त्रास झाला, झाला की नाही, हे मला पुढे कधी कळले नाही. पण नकार देण्यासाठी त्या माणसाने सही केली होती, आणि ती करताना त्यांच्याकडे कोण कोण पाहत आहे हे त्यांना दिसत होते. माझा नकार दोनशे पानांच्या पुस्तकात कुणाला न दिसेल असा पडलेला होता. परतीच्या गाडीत दोन्ही नकार मी एकाच मापाने मोजले आणि गुरुजी आपल्याच गटातले निघाले म्हणून खूश झालो.

पुढे नकाराची सहीच गेली. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मत न देण्याचा निर्णयही गुप्त राहिला पाहिजे, आणि त्यासाठी यंत्रावर स्वतंत्र बटण असावे. त्याच वर्षाअखेरीच्या पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांत 'वरीलपैकी एकही नाही' हा पर्याय प्रथम आला. निर्णय योग्यच होता. गावातल्या दांडग्यांच्या नजरेसमोर नोंदवहीत नकार लिहून देण्याचे धैर्य गुरुजींकडे होते. ते प्रत्येकाकडे असावे अशी अपेक्षा करणे हा निर्दयपणा झाला असता. पण या बटणाचे काम काय, हे समजून घेणाऱ्यांपेक्षा त्याच्याबद्दलच्या दंतकथा सांगणारे पुष्कळ होते. ४९-ओच्या काळातही एक ईमेल फिरत असे की नकारांची संख्या विजयी आघाडीपेक्षा जास्त झाली तर निवडणूक रद्द होते. असे काही नियमात नव्हते. 'नोटा'चेही तसेच. लोकसभा-विधानसभेत 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली, तरी उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते तोच निवडून येतो.

याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' २७,५०० मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. २०२४ च्या लोकसभेला इंदूरमध्ये प्रमुख विरोधी उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर 'नोटा'ला २,१८,६७४ मते मिळाली. तिथेही दुसरा क्रमांक. विजयी उमेदवाराची मते १२ लाखांच्या वर होती. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता वेगळा आदेश काढला : 'नोटा'ला सर्वाधिक मते मिळाली तर तिथे पुन्हा निवडणूक घ्यायची. म्हणजे नकाराला काही वजन आले, पण पहिल्या क्रमांकावर आल्यानंतरच.

नकारार्थी मताचा खरा प्रयोग अथेन्सनेच करून ठेवला आहे. तिथे वर्षातून एकदा, सभेने तसे ठरवल्यास, नागरिकांनी खापराच्या तुकड्यावर नको असलेल्या माणसाचे नाव कोरायचे. पुरेशी खापरे जमली तर तो माणूस दहा वर्षांसाठी हद्दपार. इ.स.पू. ४१७ ते ४१५ च्या सुमारास निसियस आणि अल्सिबायडीज या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एकावर ही पाळी येणार, असा रंग होता. प्लुटार्कने लिहिले आहे की दोघांनी आतून हातमिळवणी केली, आपापल्या अनुयायांना तिसरेच नाव सांगितले, आणि हायपरबोलस नावाचा पुढारी हद्दपार झाला. लोक आधी हसले, मग त्यांना या प्रथेची शिसारी आली, आणि ती बंद पडली. हे मी वर्गात दरवर्षी सांगत आलो आहे. नकारसुद्धा कुणीतरी चालवू शकतो, हा त्यातला मुद्दाही सांगत आलो आहे. स्वतःला तो कधी लावला नाही.

२०१६ च्या अखेरीस आमच्या नगरपालिकेची निवडणूक झाली. प्रभागातले दोन नगरसेवक आणि थेट नगराध्यक्ष अशी तीन मते द्यायची होती. आमच्या प्रभागातल्या एका जागेसाठी चुरस होती ती एका ठेकेदारात आणि एका जमिनीच्या दलालात. ठेकेदाराने केलेला रस्ता दोन पावसाळे टिकत नसे. दलालाचे बोलणे गोड होते आणि हातात नकाशे असत. दिवाळी प्रचाराच्या तोंडावरच आलेली, त्यामुळे दोघांकडूनही घरोघरी उटण्याच्या पुड्या आल्या. पुडीवर उमेदवाराचा फोटो, सोबत पत्रक. अंगाला उटणे लावताना हात जोडलेला उमेदवार आपल्याकडे पाहून हसतो आहे, हे दृश्य ॲरिस्टोफेनिसला सुचले नाही, याचे मला वाईट वाटले. डेमॉसला त्याच्या उमेदवारांनी उशी दिली, जोडे दिले, अंगरखा दिला. आंघोळीपर्यंत कुणी गेले नव्हते.

आईने दोन्ही पुड्या ठेवून घेतल्या. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ती परात घेऊन उडीद निवडत बसली होती. मी नेहमीप्रमाणे म्हण ऐकवली.

"काय निवडावे निवडणारे!"

"काळे-गोरे बघायला कोण बसतंय?" ती मान वर न करता म्हणाली. "खडे बघायचे असतात."

मला ते वाक्य आवडले. वर्गात वापरता येईल अशी मनात नोंदही केली. मग तिने सांगितले की ती ठेकेदाराला मत देणार आहे. मी कारण विचारले.

"त्याचा पुतण्या रोज अभ्यासिकेत जाऊन बसतो. तो ती पाडू देणार नाही."

"अभ्यासिका कोण पाडतंय?"

"तो दुसरा. पत्रकात लिहिलंय की त्यानं. तू वाचलं नाहीस?"

मी वाचले नव्हते. पत्रक उटण्याच्या पुडीतून निघाले आणि माझ्या हातून रद्दीत गेले. दोन ओळींच्या कवितेवर दोन-दोन तास बोलणारा मी, शब्दामागचा शब्द वाचायला शिकवण्याचा पगार घेणारा मी, गावात कुणाला काय करायचे आहे हे स्वच्छ छापून घरी आलेले असताना ते न वाचता बाजूला टाकले होते, कारण दोघेही सारखेच हा निष्कर्ष माझ्यापाशी आधीच तयार होता. आईला मी म्हटले की पत्रकातल्या गोष्टी कुणी करत नसते. दुसऱ्या दिवशी तिन्ही ठिकाणी 'वरीलपैकी एकही नाही' दाबले. स्टाफरूममधल्या आमच्या गटातले त्याच प्रभागात राहणारे आणखी दोघे-तिघे होते. त्यांनीही तेच केले. आम्ही ते एकमेकांना सांगितले. गुप्त मतदानाचा तेवढा भंग आम्हाला आवश्यक वाटत होता.

दलाल निवडून आला. फरक इतका थोडा होता की आमच्या स्टाफरूमच्या चहाला बसणारी मंडळी आणि त्यांची घरे मिळून तो भरून निघाला असता.

अभ्यासिका म्हणजे नगरपालिकेच्या वाचनालयामागची पत्र्याची एक लांब खोली. बाके, काही पंखे, पिण्याच्या पाण्याचा माठ. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तिथे बसत. बहुतेकांच्या घरी अभ्यासाला जागा नव्हती. २०१८ साली ठराव आला : जागा मोक्याची आहे, तिथे व्यापारी संकुल उभारून पालिकेचे उत्पन्न वाढवावे, अभ्यासिका योग्य ठिकाणी हलवावी. ठराव मांडणारा अर्थातच आमच्या प्रभागाचा नगरसेवक. पत्रकातल्या गोष्टी कुणी करत नसते, असे म्हणणाऱ्या मला तो खोटा पाडत होता. योग्य ठिकाण पुढे सापडले नाही.

निवेदन घेऊन मुले माझ्याकडे आली. मसुदा मी चांगला केला. निघताना एका मुलीने सहज विचारले, "सर, तुम्ही त्या वेळी मत कुणाला दिलं होतं?" ती माझ्या 'नाइट्स'च्या वर्गात खूप हसलेल्यांपैकी होती.

"मतदान गुप्त असतं," मी म्हणालो.

त्या रात्री मी नाटक पुन्हा उघडले होते असे सांगितले असते, तर लेख चांगला जुळला असता. तसे झाले नाही. पुस्तक थेट सात वर्षांनी, कपाट आवरताना हातात आले. आतून कोरी मतपत्रिका पडली म्हणून मी ते वाचायला घेतले, आणि इतकी वर्षे वर्गात सांगताना मी नाटकाचा उत्तरार्ध कसा भराभर उरकत होतो, हे ध्यानात आले.

उत्तरार्धात डेमॉसला दोघांपैकी एकाची निवड करायची असते आणि ती कशी करावी, हे त्याला समजत नाही. सॉसेजवाला सुचवतो की आम्हा दोघांच्या टोपल्या उघडून बघ. सॉसेजवाल्याची टोपली रिकामी असते. होते तेवढे त्याने म्हाताऱ्यापुढे ठेवलेले असते. पॅफ्लगोनियनच्या टोपलीत मोठी पोळी लपवलेली सापडते. डेमॉसला त्याने तिचा एक तुकडा तोडून दिलेला असतो. दोघेही चोर आहेत, दोघेही खोटारडे आहेत, दोघांनाही नाटककाराने चांगले म्हटलेले नाही. पण टोपल्या सारख्या नाहीत. त्या उघडून बघेपर्यंत हा फरक कळण्याचा मार्ग नाही. मी वर्गात 'दोघेही सारखेच' हे नाटकाचे सार म्हणून सांगत होतो, आणि नाटक नेमके त्याच्याविरुद्ध जाऊन संपत होते.

त्याहून महत्त्वाचा प्रसंग पुढे आहे. सॉसेजवाला डेमॉसला उकळत्या पाण्यात घालून पुन्हा तरुण करतो. तरुण झालेल्या डेमॉसला आपण सभेत काय काय मूर्खपणा केला ते ऐकून लाज वाटते. मग सॉसेजवाला त्याची चक्क तोंडी परीक्षा घेतो : उद्या सभेत कुणी अमुक धमकी दिली तर तू काय करशील, पुढे कसा वागशील? डेमॉस उत्तरे देतो. वल्ही मारणाऱ्यांना पगार पुरता देईन, फौजेच्या यादीतले नाव कुणाच्या वशिल्याने बदलू देणार नाही. ज्या नाटकाला मी उमेदवारांवरचे प्रहसन समजत होतो, त्याच्या शेवटी उमेदवारांची परीक्षा केव्हाच संपलेली असते आणि मतदार उत्तरे देत उभा असतो.

मध्ये एका ठिकाणी कोरस डेमॉसला भोळा म्हणतो, तेव्हा तो ऐटीत सांगतो की मी वेडा नाही; वेड पांघरतो; चोरांना मुद्दाम पोसतो आणि वेळ आली की खाल्लेले ओकायला लावतो. हे वाचताना मला आमची स्टाफरूम आठवली. आम्हीही असेच समजत होतो की आपल्याला सगळे कळते, आपण फसत नाही, म्हणून तर मत देत नाही. आपण फसलेलो नाही, ही डेमॉसची सर्वांत लाडकी समजूत आहे.

वास्तविक आमच्या पेशाला हे अवघड जाऊ नये. परीक्षांच्या हंगामात आम्ही कॅप सेंटरमध्ये दिवसाला कितीतरी उत्तरपत्रिका तपासतो. त्यांतल्या बहुतेक चांगल्या नसतात. एकात कवीचे नाव बरोबर आणि कविता चुकीची, दुसरीत उलट. तरी आम्ही एकीला ३८ आणि दुसरीला ४१ गुण देतो, आणि त्या तीन गुणांत एखाद्याचे वर्ष असते हे जाणून देतो. 'दोन्ही उत्तरपत्रिका नापसंत' असा शेरा मारून गठ्ठा परत केलेला प्राध्यापक मी पाहिलेला नाही. सुमार गोष्टींमधला फरक पाहणे हेच तर आमचे काम आहे. गुरुजींचे उत्तर मला आता वेगळे ऐकू येते. दोघांनाही वर ढकलले, असे ते म्हणाले, त्यात त्यांनी स्वतःलाही धरले होते. माझ्या नकारात मी कुठेच नव्हतो.

नगरपालिकेचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. २०१६ मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत संपली, पण प्रभागरचना आणि आरक्षणाच्या वादांत पुढची निवडणूक लांबत गेली आणि कारभार प्रशासकाकडे आला. काही वर्षे आमच्या गावात ना दगड होता, ना वीट. 'वरीलपैकी एकही नाही' हा पर्याय जणू सत्तेवर आला होता. गटार तुंबली तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचे, हे कुणाला सांगता येत नव्हते. नावडत्या नगरसेवकाचे दार निदान माहीत तरी होते.

अखेर डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली. पुन्हा दोन नावे, दोन्ही न आवडण्याजोगी. उटणे या वेळी दिवाळीत आलेच होते, दोन्ही घरांचे. आई आता परात घेऊन बसू शकत नाही, पण पत्रके मी तिला मोठ्याने वाचून दाखवली, शेवटच्या ओळीपर्यंत. एकाच्या पत्रकात अभ्यासिकेचा उल्लेख नव्हता. दुसऱ्याच्या पत्रकात होता, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसह. आई म्हणाली, याला चार लोकांत विचारता येईल. मी त्याच्या सभेला गेलो आणि विचारले. त्याने गोलमाल उत्तर दिले. पण सगळ्यांसमोर दिले, आणि दोन मुलांनी ते मोबाइलवर टिपून घेतले.

मी त्याला मत दिले. देताना समाधान वगैरे काही झाले नाही. तो निवडून आला आहे. अभ्यासिकेसाठी आमचा पहिला अर्ज त्याच्याकडे पोचला आहे, दुसरा मी लिहितो आहे. त्याच्या टोपलीत काय निघते ते अजून दिसायचे आहे.

टपाली मतपत्रिका मी फेकलेली नाही. ती 'नाइट्स'मध्येच आहे, पण पूर्वी होती त्या पानात नाही. यंदा वर्गात नाटक शिकवायला घेईन, तेव्हा ती मुलांना दाखवावी की नाही, हे अजून ठरत नाही. दाखवली तर ती मुलगी जे विचारून गेली तेच पुन्हा कुणीतरी विचारील, आणि त्या वेळी मतदान गुप्त असते, हे उत्तर चालणार नाही.